चालमास्तर

सोमवार, २ जानेवारी २०२३, सकाळी सात वाजून पाच मिनिटे. एक अनोळखी गृहस्थ गडबच्या आमच्या घरात आले, माझ्या थोरल्या बहिणीला खाटेवरून खुर्चीत बसवण्यास त्यांनी माझ्या सुनेला सांगितले, आणि बूट काढून स्वतः त्या खाटेवर आडवे झाले.

मी परसात होतो. सुनेने हाक मारली म्हणून आत आलो. पन्नाशीचा, काटक, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातला माणूस उताणा पडून आढ्याकडे पाहत होता.

"आपण कोण?" मी विचारले.

"पेणच्या केंद्रातून आलो. तुम्ही यंत्रासाठी नाव दिलं होतं ना?" ते पडूनच म्हणाले. "इथून मागचं दार दिसत नाय. खाट फिरवावी लागंल."

आमची ओळख ही अशी झाली.

भातकापणीच्या दिवसांत माझ्या बहिणीच्या अंगावरून वारे गेले होते. आम्ही तिला बाय म्हणतो. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणे शाबूत राहिले. किंबहुना त्याची धार वाढली. पेणमधल्या एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात अशा माणसांना चालवणारे यंत्र आले आहे, असे कळल्यावरून मी तिचे नाव नोंदवले होते. बोलावणे येईल, अशी अपेक्षा होती. माणूस येईल, अशी नव्हती.

खाटेवरून उठल्यावर त्यांनी उशाचा पाण्याचा तांब्या उचलून पाहिला. तो काठोकाठ भरलेला होता.

"पाणी पीत नाय काय?"

"नको म्हणतात," सून म्हणाली. "दिवसभरात दोन घोट. आत्यांना किती सांगितलं."

"का गो मावशी?"

"तहान नाय," बाय म्हणाली.

"तुम्ही जरा बाहेर बसा," ते मला म्हणाले.

माझ्या घरात मला बाहेर बसण्यास सांगणारा तो पहिला मनुष्य. मी बसलो. थोड्या वेळाने ते बाहेर आले, परंतु सरळ चालत नव्हते. डावा पाय फरफटत, भिंतीला हात लावत त्यांनी मागचे दार गाठले, उंबऱ्याशी थांबले, पायरी उतरले आणि परसातल्या संडासापर्यंत जाऊन तसेच परत आले. मग एकदम ताठ उभे राहून म्हणाले, "माणसाला कुठं ना कुठं जायचं असतं. तुमच्या बहिणीला तिथं जायचंय. एकटीनं. कुणी धरून न्यावं लागतं म्हणून पाणी पीत नाय."

सून तिला सकाळ-संध्याकाळ धरून नेत असे. घरात पाहुणा असला की बाय तो जाईपर्यंत हलत नसे. हे मी पाहत होतो. पाण्याशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता.

त्यांना कोणी डॉक्टर म्हटले की ते लगेच हटकत. "डॉक्टर नाय. मास्तर म्हणा. चालायला शिकवतो." त्यावरून पेणपासून रोह्यापर्यंत त्यांना चालमास्तर हे नाव पडले होते. राहायला ते रोह्याला, एकटेच असत. हे काम त्यांनी का धरले, ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

त्यांच्या सवयी लोकांना वेडाच्या वाटत. केंद्राच्या दाराशी काढलेल्या चपला ते उलट्या करून पाहत. टाच कोणत्या बाजूने झिजली आहे, अंगठ्याखाली किती खळगा पडला आहे, यावरून आत बसलेल्यांशी बोलणे सुरू करत. प्रकृती विचारत नसत. "कुठं जायचंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "बरं व्हायचंय" हे उत्तर ते स्वीकारत नसत. "बरं हे काय गाव हाय?" असे म्हणून पुन्हा विचारत. कोणी देवळाचे नाव सांगे, कोणी लेकीच्या घराचे. मग एखाद्या सकाळी ते आपली मोटारसायकल काढून ती वाट पाहून येत. चढ किती, दगड किती, बसायला कट्टा आहे की नाही.

दुसरी सवय अधिक विचित्र होती. ज्या रुग्णाची चाल त्यांना उमगत नसे, त्याची चाल ते स्वतः चालत. रोह्याच्या बाजारात सोमवारी डावा पाय ओढत, मंगळवारी उजवा. नव्याने आलेली माणसे हळहळत. एकदा एसटीत एका बाईने उठून त्यांना जागा दिली. ते बसले, आणि उतरेपर्यंत लंगडणे सोडले नाही. "मधेच बरा झालो असतो तर त्या बाईला काय वाटलं असतं?" असा त्यांचा खुलासा.

हमरापूरचा एक मूर्तिकार त्यांच्याकडे आला होता. आयुष्यभर गणपतींचे डोळे आखलेला माणूस. कुठे जायचे, असे विचारल्यावर तो म्हणाला, "कुठंच नाय. मला बसायचं हाय. मांडी घालून." चालमास्तरांनी त्याला यंत्राला हातसुद्धा लावू दिला नाही. जमिनीवर सतरंजी अंथरली आणि रोज त्याच्यासमोर मांडी घालून बसू लागले. नेमके त्याच सुमारास यंत्रासाठी देणगी देणारी मंडळी ते पाहण्यास आली. यंत्र बंद, आणि चालवणारा माणूस सतरंजीवर. विश्वस्तांचे चेहरे उतरले. एकाने विचारले, "यंत्र बिघडलं आहे का?"

"नाय," चालमास्तर बसल्या जागेवरून म्हणाले. "त्याचं आज काम नाय."

संस्थेच्या पत्रकात यंत्राला 'यंत्रमानव' म्हटले होते. त्यामुळे पहिल्या दिवशी मी दालनात मानवासारखे काही शोधत राहिलो. दिसले ते असे. जमिनीवर सरकणारा रुंद पट्टा. वर लोखंडी कमान. तिला लोंबणारे पट्टे रुग्णाच्या कमरेला आणि खांद्यांना बांधून त्याचा भार उचलतात. दोन्ही बाजूंना धातूचे पाय. ते रुग्णाच्या मांडीला आणि पोटरीला बांधले, की मोटार गुडघा वाकवते, पाऊल उचलते, पुढे टाकते. समोर पडदा. रुग्ण स्वतः किती जोर लावतो, ते त्यावर दोन उभ्या पट्ट्यांनी दिसते. जोर वाढला की पडद्यावर एक हसरा चेहरा उमटे. चालमास्तरांनी त्यावर चिकटपट्टी लावली होती. "म्हाताऱ्या माणसाला मशीननं दात दाखवायचं कारण काय?" असे ते म्हणत.

यंत्राला ते गडी म्हणत. बायलाही त्यांनी तशीच ओळख करून दिली. "हा आपला गडी, मावशी. दमत नाय, रागावत नाय, चहा मागत नाय. पण मुलखाचा बिनडोक. तुम्ही काम केलं नाय तर सगळं काम हाच करील, आणि तुम्ही आयत्या फिरून याल."

"मग बरंच हाय की," बाय म्हणाली. "जन्मात पयल्यांदा कुनी माजं काम केलं."

आणि तसेच झाले. आठवड्यातून तीन दिवस मी आणि सून तिला रिक्षाने गडबहून पेणला नेत होतो. तिला बांधत, पट्टा सुरू होई, धातूचे पाय तिचे पाय उचलत. दिसायला ती चालत होती. पडद्यावर डावी पट्टी जमिनीला चिकटलेली. चालमास्तर यंत्राची मदत थोडी कमी करत. लगेच डावे पाऊल पट्ट्यावर घासू लागे, यंत्र सूचना देऊन थांबे आणि बाय पट्ट्यांत लोंबत राही.

"जोर लाव गो!" ते ओरडत.

"लावतंय! डोळ्यानं दिसत नाय काय तुला?"

"मला दिसतंय. त्याला दिसत नाय."

"मग त्याला चश्मा घे."

दालनातले सगळे हसत. ती हसत नसे. परतताना रिक्षात ती हायवेकडे तोंड करून बसे. एके दिवशी म्हणाली, "भावा, नको आता. तो माणूस घसा फोडतो, ती पोर आपला दिवस मोडते. माजा पाय मेलाय." घरी आल्यावर सुनेने पाण्याचा पेला पुढे केला. तिने ओठ भिजवले आणि पेला परत दिला. गावच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात मला बजावले होते, की पाणी इतके कमी राहिले तर तिला रुग्णालयात दाखल करावे लागेल, आणि या वयात अशी माणसे तिथून चालत परत येत नाहीत.

केंद्राचा एक नियम होता. ठरवलेल्या खेपा संपेपर्यंत रुग्णाच्या स्वतःच्या जोरात फरक पडला नाही, तर जागा पुढच्याला द्यायची. यंत्र एक आणि वाट पाहणारे पुष्कळ. हा नियम चालमास्तरांनीच केला होता. बायची शेवटची खेप पुढच्या आठवड्यात असल्याचे त्यांनी मला दाराशी सांगितले. मी तीस वर्षे सरकारी कचेरीत काढली. नियमाला अपवाद करा, असे म्हणणे माझ्या स्वभावात नाही. मी मान हलवली.

"विचारलं असतंत तरी नाय म्हटलं असतं," ते म्हणाले.

त्या रविवारी एका नातलगाच्या बारशासाठी मी रोह्याला गेलो होतो. बाजारातून परतताना समोरून चालमास्तर येताना दिसले. डावा पाय ओढत, डावा हात छातीशी, मान खाली. भाजीवाल्याने विचारले, "मास्तर, आज कोण?"

"गडबची मावशी," ते मान वर न करता म्हणाले. मग त्यांना माझे जोडे दिसले असावेत. थांबले. "बरं झालं भेटलात. जरा चाला."

"कुठे?"

"इथंच. मान खाली घालून, पायाकडं बघत. माझ्यासारखं."

भर बाजारात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, बारशाच्या कपड्यांत मी लंगडत चाललो. भाजीवाला कोथिंबीर निवडायची थांबवून पाहू लागला.

"जड होतो ना पाय?" ते म्हणाले. "घरचे सगळे सांगतात, खाली बघ, पाय बघून टाक. मी पण तेच सांगतो. आता मला एक सांगा. तुमची बहीण रिकाम्या डोक्यानं किती चाललीय?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारला.

मी आठवू लागलो. बाय ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आली. विहिरीवरून येताना तिच्या डोक्यावर हंडा असे. शेतावर जाताना शेणखताची पाटी, येताना भाताचा भारा. भात निघाले की त्याच रानात वाल होई. शेंगा भरून आल्या की टोपली डोक्यावर घेऊन ती पेणच्या बाजारात चालत जाई. परतताना त्या टोपलीत मीठ, तेल आणि माझी पुस्तके असत. मी शिकलो तो त्या टोपलीवर. रिकाम्या डोक्याने चालणारी बाय मला कुठे दिसेना.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि बाजारातल्या बाजारात ताठ झाले. "परवा येताना चुंबळ आणा. आणि एक टोपली. लहान, पट्ट्यांच्या मधे मावंल अशी. रिकामी."

चुंबळ म्हणजे डोक्यावर ओझे टेकवण्यासाठी कापडाचे कडे. सुनेने बायच्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून ते वळले. बायला दाखवले तेव्हा ती म्हणाली, "ढिलं वळलंस गो. अशानं टोपली कलंडंल." उजव्या हाताने आणि दातांनी धरून तिने ते स्वतः घट्ट केले. पुष्कळ दिवसांत तिने असे काही मनापासून केले नव्हते.

शेवटच्या खेपेला तिला यंत्रात बांधले. चालमास्तरांनी चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवली आणि वर टोपली. खांद्याचे पट्टे दोन्ही बाजूंनी टोपलीला घासत होते, पण ती बसली. बायचा उजवा हात आपोआप वर गेला आणि टोपलीच्या काठाला लागला. मान सरळ झाली. पाठ सरळ झाली. इतक्या महिन्यांनी मला तिची खरी उंची दिसली.

पट्टा सुरू झाला. ओळीत बसलेल्या, जिते गावच्या एका म्हाताऱ्याने विचारले, "काय मावशी, बाजाराला निघालात?"

"व्हय," बाय समोर पाहत म्हणाली. "पेनच्या. वालाच्या शेंगा हायेत. घेतोस?"

"कशा दिल्या?"

"तुला परवडायच्या नाय."

मी पडद्याकडे पाहत होतो. डावी पट्टी हलली. खाली गेली. पुन्हा हलली, आणि थोडी वर राहिली. चालमास्तरांनी काही न बोलता यंत्राची मदत कमी केली. पाऊल घासले, पण थांबले नाही. त्यांनी आणखी कमी केली.

"ह्या गड्याला काय झालं?" बाय म्हणाली. "ढिला पडला काय?"

"दमला," चालमास्तर म्हणाले. "तुम्ही चाला."

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ तिथली खिडकी नीट लागते की नाही ते पाहत होते. ती खिडकी उघडीच होती.

फरक पडला होता. नियमाप्रमाणे पुढच्या खेपा मिळाल्या. मी त्यांना विचारले, की घरात ती काय डोक्यावर टोपली घेऊन फिरणार? ते म्हणाले, आधी टोपली काढू, मग चुंबळ काढू, मान तेवढी तशीच राहू दे. त्याप्रमाणे झाले. यंत्राकडून धरून चालायच्या दांड्यांवर, दांड्यांवरून चार पायांच्या काठीवर. लवकर झाले असे नाही. अधूनमधून ती रागावे, एकदा तिने चुंबळ चालमास्तरांच्या अंगावर फेकून मारली. त्यांनी ती झेलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून दालनात एक फेरी मारली. चुंबळ दोनदा पडली.

"तुझ्याच्यानं नाय होनार," बाय म्हणाली. "आन इकडं."

मार्च संपता संपता ते एका सकाळी पुन्हा गडबला आले. खाट आता मागच्या दाराकडे तोंड करून होती. बायच्या डोक्यावर नुसती चुंबळ, उजव्या हातात काठी. त्यांनी तिला उभे केले, काठी पाहिली, उंबरा पाहिला, आणि मला व सुनेला म्हणाले, "चला. पुढं."

"पुढे कशाला? ती पडली तर?" मी विचारले.

"पडली तर हाक मारील. तोंड चांगलं हाय तिचं. तिला एकटीला जायचं होतं ना? मग आपण इथं काय करतोय?"

आम्ही तिघे पुढच्या ओट्यावर आलो आणि हायवेकडे तोंड करून उभे राहिलो. समोरून ट्रक जात होते. पाठीमागे काठीचा आवाज येत होता. तो उंबऱ्याशी थांबला. सुनेने माझा हात धरला. लग्न होऊन घरात आल्यापासून प्रथमच. मी सोडवून घेतला नाही. आवाज पुन्हा सुरू झाला, दूर गेला आणि मग ट्रकांच्या घरघरीत ऐकू येईना. चालमास्तर डोळे मिटून उभे होते. त्यांचा डावा पाय जागच्या जागी किंचित उचलला जात होता आणि टेकत होता.

दाराचा आवाज आला. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग काठी.

बाय पुढच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा आम्ही तिघे अजून रस्त्याकडेच पाहत होतो.

"काय रे," ती म्हणाली, "वरात येनार हाय काय कुनाची? का असे उभे?"

चालमास्तर वळले. तिच्याकडे पाहिले नाही. तिच्या पायांकडे पाहिले. मग खाली वाकून पायांना हात लावल्यासारखे केले, की टाच कशी टेकते ते तपासले, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही केले असावे.

त्यांना पुढे जित्याला जायचे होते. निघण्याआधी ते एकटेच परसात जाऊन आले. मोटारसायकलवर बसता बसता मला म्हणाले, "तुमच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाय."

"काढून टाकली होती. बाय आत अडकू नये म्हणून."

"आता लावा," ते म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. त्यांच्याकडे दुसरी घरे होती.

ऊन उतरल्यावर मी पेणला जाऊन पितळी कडी आणि स्क्रू घेऊन आलो. बायला उजवा हात किती उंचीवर सहज पोचतो ते विचारून दारावर खूण केली. जुन्या लाकडात स्क्रू धरेना, म्हणून भोकांत काडीचे तुकडे ठोकले आणि मग पिळले. आत जाऊन दार लावले, कडी सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. थोडी अडकत होती. सुनेकडून खोबरेल मागून घेतले आणि दोन थेंब सोडले.